रंग उडवले की कृष्णधवल फोटो होत नाही

संपादक महोदय,

वाचकांनी काढलेले खान्देशातले निसर्गफोटो आपण कृष्णधवल पानावर छापता, याचा आनंद आहे. मात्र त्यांतले बरेच फोटो करडे आणि सपाट दिसतात. फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर आणले की काम झाले, असा समज हे त्याचे मुख्य कारण आहे.

फाल्गुनात सातपुड्यात फुललेला पळस पाहा. केशरी फुले आणि मागचे निळे आकाश यांत रंगांचा फरक मोठा, उजळपणाचा मात्र थोडा. नुसता रंग काढला की फुले आकाशात विरतात. त्याऐवजी कृष्णधवल मिक्सरमध्ये, म्हणजे प्रत्येक मूळ रंग किती उजळ वा गडद दिसावा हे ठरवणाऱ्या स्लायडरांमध्ये, केशरी आणि लाल वर न्या, निळा खाली आणा. काळपट आकाशावर फुले पांढरी उठतात. निळा फार ओढला तर आकाशात दाणे येतात आणि फांद्यांभोवती पांढरी कड उमटते. ती कड दिसू लागली की तिथेच थांबायचे. रावेर-यावलकडच्या केळीबागांत लोक हिरवा स्लायडर ओढत बसतात, पण उन्हातली पाने बरीचशी पिवळ्या स्लायडरने उजळतात.

हे सारे करायला फाइलमध्ये रंग हवेत. म्हणून कॅमेरा रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) अधिक जेपेगवर ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोनोक्रोम (कृष्णधवल) लावा. रचना कृष्णधवलमध्ये जुळवता येते आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतात. फिल्मच्या काळातला लाल फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नये. सेन्सरचे एक चतुर्थांश पिक्सेलच लाल टिपतात, बाकीचे जवळजवळ अंधारात जातात.

तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावरून डोंगररांगा काढताना गणित उलटे होते. तिथली खोली धुक्याने येते: जवळची रांग गडद, लांबची फिकट. लाल वाढवला किंवा डिहेझ (धुके कमी करणारा स्लायडर) चढवले की धुके कापले जाते आणि सगळ्या रांगा एकमेकींना चिकटतात. इथे निळा वर न्यावा. सकाळच्या तिरप्या उन्हात छिद्र (ॲपर्चर) एफ/8 ते एफ/11 आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 100 ठेवावा, ट्रायपॉड वापरावा. एफ/16 च्या पुढे बारकावे मऊ पडतात.

चैत्र-वैशाखात आकाश धुळीने पांढरेच असते, त्यावर ना पोलरायझर (आकाश गडद करणारा लेन्सवरचा फिल्टर) चालत ना मिक्सर. अशा वेळी आकाश फ्रेमबाहेर ठेवा. धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगरातले बेसाल्टचे थर बाजूच्या उन्हात एकटेच फोटो पेलतात. ते उठावदार करायला फोटोवर 50 टक्के करड्या रंगाचा लेयर (थर) सॉफ्ट लाइट मोडमध्ये टाका आणि त्यावर 5 ते 10 टक्के ओपॅसिटीच्या (जोराच्या) पांढऱ्या ब्रशने उजळ कडा किंचित उजळा, काळ्याने घळी किंचित गडद करा. कॉन्ट्रास्टचा एकच स्लायडर सगळीकडे चालवला तर सावल्यांतली खडी आणि झुडपे काळ्यात बुडतात.

वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, त्यामुळे सावल्या पडद्यावरच्यापेक्षा गडद छापल्या जातात. पाठवण्याआधी त्या थोड्या उजळाव्यात. आपणाकडून दोन विनंत्या आहेत. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने न घेता ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवावेत, कारण साधा पाठवलेला फोटो आकसतो. दुसरे, छपाईच्या रुंदीला इंचामागे 200 पिक्सेल, म्हणजे 6 इंचांना 1200, ही अट आवाहनातच छापावी.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, धुळे