एफ्राइमच्या नावावरचं हीण

प्रिय विनू,

तुझा खर्डा येऊन तीन महिने झाले, मी साधी पोचही दिली नाही. माफ कर. तब्येत बरी आहे. अडलो ते एका वाक्यापाशी: 'एफ्राइमने हिणकस नाणी पाडून फ्रेडरिकला फसवलं.' विनू, हे छापू नकोस रे.

ऑगस्ट 1756 मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक शेजारच्या सॅक्सनीत घुसला, सात वर्षांचं युद्ध सुरू झालं आणि लाइपझिगची टांकसाळ त्याच्या हाती आली. पुढे तिचा मक्ता एफ्राइम आणि इत्झिग या बर्लिनच्या सावकारांकडे गेला. मक्तेदाराने राजाला ठरलेली रक्कम भरायची. राजा ती वाढवत नेणार, मग नाण्यातली चांदी घटणारच. 1750च्या प्रमाणाने एका कोलोन मार्कातून, म्हणजे सुमारे 234 ग्रॅम शुद्ध चांदीतून, 14 थालर, म्हणजे चांदीची मोठी नाणी, पडत. थालरमागे पावणेसतरा ग्रॅम. युद्धात तेवढ्याच चांदीचे 30 थालर पाडले, नंतर त्याहून जास्त. तीस धरले तरी पावणेआठ ग्रॅमच उरले!

ठसे सॅक्सनीचेच, जप्त केलेले. आठ ग्रोशेनच्या (थालरहून लहान) नाण्यावर सॅक्सनीचा शासक तिसरा ऑगस्ट याचा चेहरा आणि साल 1753, म्हणजे युद्धाच्या आधीचं. घेणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून. तांबं लपवायला चकत्या तापवून, मद्याच्या पिंपात धरणारा आंबट क्षार आणि मीठ घातलेल्या पाण्यात उकळायच्या. वरच्या थरातलं तांबं निघून जातं, चांदीची साय उरते. चार हातांतून फिरलं की आधी गालाचा उंचवटा तांबूस पडतो. तुझ्या छायाचित्रातलं नाणं बघ, तिथेच लाल झालंय. इंग्लंडची वर्षाला 6,70,000 पौंडांची मदतही अशाच हलक्या नाण्यांत रूपांतरित झाली.

हे सगळं राजाच्या संमतीने आणि त्याच्याच खजिन्यासाठी. तरी लोकांनी म्हण केली, 'बाहेरून फ्रेडरिक, आतून एफ्राइम'. एफ्राइम ज्यू होता आणि समोर दिसत होता. राजाला चोर कोण म्हणणार? अडीचशे वर्षांनी तोच आळ आपण मराठीत आणायचा, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आपलं कुनर्सडॉर्फचं भांडण. 12 ऑगस्ट 1759ला त्या लढाईत रशिया-ऑस्ट्रियाने फ्रेडरिकला हरवलं; त्याच्या पन्नासेक हजारांतले सुमारे 19,000 मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. तू म्हणतोस, रशियाची झारीना एलिझाबेथ वारली म्हणून फ्रेडरिक वाचला. पण ती वारली जानेवारी 1762 मध्ये! मधली जवळजवळ अडीच वर्षं सैन्याचे पगार काय तिने आगाऊ पाठवले होते? ते याच हिणातून निघाले. भोगलं बांधलेल्या पगारावरच्या माणसांनी: कारकून, शिपाई, विधवा. भाकरी महागली, पगार तेवढाच. 1763च्या उन्हाळ्यात ॲम्स्टरडॅमची डी न्यूफव्हिल पेढी बुडाली, तिच्यामागून हॅम्बुर्ग-बर्लिनच्या पेढ्या. 1764 मध्ये 14चं प्रमाण परत आलं, पण ज्याच्या गाठीला जुनी नाणी होती त्याचं नुकसान झालं ते झालंच.

नव्या घरी पाणी नीट येतं ना? सईचा निकाल कळव, वहिनींना नमस्कार. आणि 'फसवलं'च्या जागी 'मक्ता फ्रेडरिकने दिला, नफा फ्रेडरिकने घेतला' एवढं घाल. दुसरं मुद्रित माझ्याकडे पाठव, या खेपेला आठवड्यात परत करतो.

तुझा,
शरद