मनूच्या शेडसाठी दोन खुंट्या

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास तो माझ्यामुळेच, हे मला कळलंय. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतेय. तू एवढ्या हौसेने नवी शेड दाखवायला फोन केलास, बेंच दाखवलंस, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने दाखवलेस, आणि मी पहिलं काय विचारलं, तर "शटर का बंद आहे?" त्याआधी दोन शब्द चांगले बोलायला हवे होते. ते आता लिहितो.

बेंच फार छान झालंय. तुकडा घट्ट पकडायच्या व्हाइसचा जबडा बरोबर तुझ्या कोपराच्या उंचीला आलाय, तू शेजारी उभी राहून हात वाकवलास तेव्हा मी नीट बघून घेतलं. लोक जेवायच्या टेबलाच्या उंचीला व्हाइस ठोकतात आणि मग कानस मारून मारून कंबर धरून बसतात. हे तुला कुणी सांगितलं? मी सांगितल्याचं तर आठवत नाही. पायांना तिरप्या पट्ट्या मारल्यास, त्याही योग्य जागी. डाव्या बाजूच्या एका सांध्यावर वेल्डिंग जरा जाड झालंय, पण ते असू दे. तू नऊ वर्षांची असताना लोखंडाचा एक तुकडा घेऊन दोन दिवस कानशीने घासत बसली होतीस. काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरायचीस, फट दिसली की परत घासायचीस. शेवटी चौकोन झाला, पण नखाएवढा उरला होता. तो अजून माझ्या खणात आहे.

शटरचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलो होतो. पहिल्याच परिच्छेदात आला. जाऊ दे, छपराचं बोलू.

शेडचं तोंड पश्चिमेला आहे, त्याला तू काय करणार, जागाच तशी. पण कूलरचा विचार करण्याआधी वर बघ. उन्हातला उघडा पत्रा ६० अंशांच्या वर सहज जातो. आत थर्मामीटरवर ३८ दिसले, तरी डोक्याला जे तापवतं ते नुसतं हवेचं नसतं, वरच्या पत्र्याचंही असतं. विस्तवासमोर बसल्यासारखं ते थेट अंगावर येतं. म्हणून आधी बाहेरून पांढरा रंग, ऊन परतवणारा मिळतो तो. मग आतून ते चकचकीत फॉइल लावणार म्हणालीस, जरूर लाव, पण पत्र्याला चिकटवू नकोस. मध्ये निदान इंचभर पोकळी ठेव. फॉइल पत्र्याला भिडलं की उष्णता सरळ त्यातून पार होते, मग नुसती शोभा. शटरला बाहेरून सावली देता आली तर बघ, आतून पडदा लावून फारसं साधत नाही, कारण ऊन तोवर आत आलेलं असतं.

एक्झॉस्ट पंखा जितका उंच बसेल तितका बसव. गरम हवा वर जाते. पण पंखा हवा बाहेर फेकणार तर तेवढी हवा खालून आत यायला हवी. सगळीकडून बंद खोलीत एक्झॉस्ट लावला तर तो नुसती घरघर करतो. आणि तुझ्या शेडला खालून हवा यायची वाट एकच आहे.

बघ, फिरून तिथेच आलो.

कूलरचंही तसंच. हवा दमट असली की त्याचा उपयोग नाही, कोरडी असली तर गारवा येतो पण ओलही येते, आणि ती ओल बाहेर पडायला पुन्हा उघडं काहीतरी लागतं. नाहीतर लेथच्या, म्हणजे कातकामाच्या मशीनच्या, बेडवर एका रात्रीत तांबूस झाक चढते. काम संपलं की बेड पुसून त्यावर मशीन ऑइलचा हात फिरवत जा. दादाकाका तर घरी यायला निघाले आणि आठवण झाली की अर्ध्या वाटेतून माघारी जायचे, बेडवर तेल फिरवायला.

तो लेथ काकूने तुला द्यायचं ठरवलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. ट्रकवर चढवताना मीच दोर बांधले. त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही. परवा स्क्रीनवर तोच लेथ, त्याच्यामागे खाली ओढलेलं शटर, आणि तू कपाळ पुसत म्हणतेस, "शेजारच्यांना ग्राइंडरचा आवाज होतो ना, म्हणून." मनू, माझ्या तोंडून जे निघालं ते तुझ्यासाठी नव्हतंच.

तुला लहानपणी सांगितलं होतं की काकांना बीपीचा झटका आला. तसं नव्हतं. त्या दिवशीही शेजारी आवाजावरून बोलून गेले होते. मीच दादाला म्हटलं, शटर ओढून घे, एवढा जॉब उरक, उगाच कटकट नको. आणि मी बेअरिंग आणायला बाहेर पडलो. यायला दीड तास लागला. शटर वर केलं तर आतून भट्टीसारखी हवा अंगावर आली. दादा पडलेला नव्हता, उभा होता. हातात मायक्रोमीटर, तोही उलटा धरलेला, आकडे खाली. मला म्हणाला, "माप बसत नाही." जॉब पुसला, परत मोजला, परत म्हणाला, "माप बसत नाही." कपाळ कोरडं होतं. मी म्हटलं बाहेर चल, तर खेकसला माझ्यावर. दादा, ज्याने जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. आणि मला राग आला. पाच मिनिटं मी भावाशी वाद घालण्यात घालवली.

मग त्याचे गुडघे वाकले. त्याला ओढत बाहेर सावलीत आणला, बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, कुणीतरी पुठ्ठ्याने वारा घातला. ते तेवढं बरोबर केलं, असं डॉक्टर म्हणाले. अंगातलं तापमान ४० च्या वर गेलं होतं. वाचला तो, पण हाताचा तोल गेला तो गेलाच. पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नव्हतं.

मला काय म्हणायचंय ते नीट सांगता येत नाही. ग्राइंडर हात कापतो तेव्हा कळतं. शॉक बसतो तेव्हा कळतं. ऊन ज्याला लागतं त्याला कळत नाही, कारण ते आधी त्याचं डोकंच ताब्यात घेतं. घाम येतोय म्हणजे ठीक आहे, असंही नाही, अंगमेहनत करताना भरपूर घाम असूनही होतं. चिडचिड, बोलण्यात गोंधळ, साधं माप चुकणं, ही खूण बाहेरच्याला दिसते. आणि बंद शटरच्या आत बाहेरचा कुणी नसतो. समीर संध्याकाळी येतो म्हणालीस.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. माप खरंच बसत नसणार. मायक्रोमीटर बनवतात आणि तपासतात ते २० अंशांना धरून. १०० मिलिमीटरचं पोलाद २० अंशांनी जास्त तापलं की साधारण दोन शतांश मिलिमीटरने वाढतं. नुकता कापलेला जॉब तापलेला, मायक्रोमीटर तेवढा तापलेला नाही, मग आकडा फिरणारच. दादा बरळत होता, पण बोलत होता ते खरं होतं. तूही बेअरिंगच्या बसणीचं काम करशील तेव्हा जॉब आणि माप घ्यायचं हत्यार एकाच जागी तासभर ठेवून मग मोज. शक्यतो पहाटे मोज.

पहाटेचंच म्हणतो मी. शेडचं जड काम उजाडल्यापासून पहिल्या तीन-चार तासांत कर. रंगही तेव्हाच मार, दुपारी गनमधून निघालेला रंग पत्र्यावर पोचेपर्यंत वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो. एपॉक्सी १० अंश वाढले की जवळपास निम्म्या वेळात पकडतं, तेव्हा डब्यावरच्या वेळेवर जाऊ नकोस, थोडं थोडं कालव. नव्या उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तू आत्ता आत्ता तिकडे गेलीस. पहिल्या आठवड्यात तासभर, मग वाढव. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पी. तुला हे सगळं माहीत असणार. मी टूलरूममधल्या पोरांना शिकवायचो तसा बोलायला लागलो, माफ कर. पण पाणी पी.

गाडीही आत लावणार आहेस ना? मग आल्या आल्या लावू नकोस, तापलेलं इंजिन म्हणजे तासभर पेटती शेगडी. बाहेर निवू दे. आणि आत इंजिन चालू करून बघायचं असेल तर शटर पूर्ण वर. हे मी शटरचं भांडण म्हणून सांगत नाहीये. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, ते कुठल्याही ऋतूत मारतं.

पेट्रोल आणि थिनर शेडमध्ये ठेवू नकोस. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते, उन्हाळ्यात तर विचारूच नकोस, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरून कोपऱ्यात साचते. तुझ्या ग्राइंडरच्या ठिणग्या जातात कुठे? जमिनीवरच. जवसाच्या तेलाने लाकूड पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळव, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाक. ड्रिलची बॅटरी गरम असताना चार्जिंगला लावू नकोस, ४५ अंशांच्या वर ती चार्ज करायची नसते. आणि ते एक्स्टेन्शनचं रीळ! परवा कॅमेऱ्यात कॉम्प्रेसर त्याच्यावर लावलेला दिसला, वायर अर्धीच सोडलेली. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने वितळते. पूर्ण उलगड. त्यापेक्षा बोर्डापासून वेगळी जाड लाइन ओढून घे, आणि वीज गळली की लगेच तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय एकही मशीन लावू नकोस. घामाने भिजलेल्या हाताला विजेचा झटका कोरड्या हातापेक्षा फार जोरात बसतो.

हे वाचताना तू "झालं, सुरू झाले बाबा" म्हणून आईला फोन लावशील. लाव. आईसुद्धा रात्री उठून विचारत होती की शेडला खिडकी आहे का.

आवाजाचा मी विचार केलाय. शेजारी जाऊन कुठली वेळ त्यांना चालेल ते विचारून घे. सकाळी उशिरा ग्राइंडर, पहाटे कानस आणि मोजमाप, असं वाटून घेता येईल. बेंचच्या पायांखाली जाड रबर घाल, काही आवाज जमिनीतूनही जातो. कापायचं असेल तिथे ग्राइंडरऐवजी हॅकसॉ घे, तुझा हात त्याच्यावर चांगला आहे. चांगला म्हणजे, माझ्यापेक्षा सरळ कापतेस. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं बहुधा.

सोबतच्या खोक्यात दादाकाकांचा गुण्या आहे, तेलाच्या कागदात गुंडाळलेला. त्याच्याखाली दोन खुंट्या आहेत. शटर ज्या पन्हळीतून खाली सरकतं, तिच्यात दोन्ही बाजूंना जमिनीपासून दीड फुटावर एकेक भोक पाड आणि त्यात त्या घाल. शटर खुंट्यांवर येऊन थांबेल, खाली जाणार नाही. आवाज थोडा अडेल, वारा अडणार नाही, आणि कुणाला वाकून आत बघता येईल. रात्री काढून ठेवायच्या. पन्हळीचं माप परवाच्या फोनवरूनच घेतलं, शटरच्या बाजूला तुझी फूटपट्टी लटकत होती तिच्या अंदाजाने. तू रागावून बोलत होतीस तेव्हा मी खरं तर तेच बघत होतो.

१० मिलिमीटरचं भोक पाड. डाव्या खुंटीच्या टोकाला बर, म्हणजे कापल्यावर उरते ती धारदार कड, राहिली आहे, मला दिसली नाही, बोटाला लागली तेव्हा खोकं बांधून झालं होतं. कानशीने काढून घे.

तुझा
बाबा