सँडलचा पट्टा

शहादा,
१२ मे

चि. वैशू,
अनेक आशीर्वाद.

पाणी पितेस ना? तुझं सिकलसेल आहे तरी पहिल्याच ओळीत हे विचारायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. झालं विचारून. आज इथे पारा ४३ वर आहे, नाशिकला कमी असेल, पण ऑफिसातल्या एसीत तहान लागत नाही आणि बाटली भरलेलीच परत येते, हे तुझं तूच एकदा बोलली होतीस.

तुझी आई म्हणते, फोन करा, पत्रं आता कोण लिहितं. पण फोनवर तू "हो आबा, ठीक आहे आबा" म्हणतेस आणि पुढचं मला सुचत नाही. अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केली, रोज तीन-चारशे माणसांशी बोललो. तुझ्याशी बोलायची वेळ आली की सुट्टे संपल्यासारखं होतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तू पहाटेच्या गाडीने निघून गेलीस. रविवारपर्यंत राहणार होतीस. स्टँडवर तू काही बोलली नाहीस, मीही नाही. मी वाकून टायर बघत बसलो, जसा काही अजून ड्युटीवरच आहे.

कारण मला ठाऊक आहे. आखाजीच्या सकाळी तू आईबरोबर तीन तास चुलीपाशी होतीस. खापरावरचे मांडे तूच टाकलेस, आईचा खांदा धरलाय म्हणून. जेवणं झाली आणि तू आतल्या खोलीत जाऊन पडलीस. बाकीच्या पोरी लिंबाच्या झोक्यावर. ओट्यावर सगळे बसलेले, आणि माझी बहीण, तुझी फुई म्हणाली, "पोर ते दिवसभर झोपीच ऱ्हास. नाशिकना वारा लागना." सगळे हसले. मीही हसलो. तू जागी होतीस, हे आईने मला रात्री सांगितलं.

माफी मागायची तर एवढ्याचीच मागून भागणार नाही. म्हणून मागे जातो.

तू नऊ वर्षांची होतीस, शाळेची सहल तोरणमाळला गेली होती, डिसेंबरात. सहलीच्या गाडीवर ड्युटी मी मुद्दाम मागून घेतली होती. यशवंत तलावाच्या काठी पोरींनी पाय सोडले, पाणी उडवलं, तूही होतीस. येताना सातपायरी घाटात निम्मी गाडी ओकत होती, निम्मी गात होती, आणि तू खिडकीशी, हात मांड्यांखाली घालून, गप्प. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी किती शहाणी हो, हूं नाही की चूं नाही." माझी छाती अशी फुगली. घरी आल्यावर दिव्याखाली बघतो तर दोन्ही हातांची बोटं सुजून चकाकत होती. दुखायला तलावाशीच लागलं होतं, हे तू चार दिवसांनी आईला सांगितलंस. तेवढ्या प्रवासात तू बापाला हाक मारली नाहीस, आणि बाप त्याच गाडीत तिकिटाची पेटी घेऊन बसला होता.

ही गोष्ट मी डेपोत कित्येक वर्षं सांगत होतो. पोरगी किती काटक, याचा दाखला म्हणून.

त्यानंतरचं तुला आठवतं. एकाने वाढीचं दुखणं म्हटलं, दुसऱ्याने संधिवात, तिसऱ्याने आठ महिने लोहाच्या गोळ्या चारल्या. शेवटी नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेतलं, मग इलेक्ट्रोफोरेसिस, आणि कागदावर दोन अक्षरं आली, एसएस, म्हणजे सिकलसेल, आईबापाकडून रक्तात येणारा आजार. आमच्या दोघांच्या कागदावर एएस, नुसते वाहक. म्हणजे तुझ्या आईचा अर्धा आणि माझा अर्धा. अशा जोडप्याच्या दर बाळंतपणात चारात एक शक्यता एसएसची असते, असं तिथल्या मॅडमनी पाटीवर चौकोन काढून दाखवलं. तुझी आई त्या चौकोनाकडे बघत राहिली. घरी येईपर्यंत बोलली नाही.

थकव्याचं त्या मॅडमनी सांगितलं ते तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं, नंतर मी डेपोच्या हिशेबाने समजून घेतलं. साधारण माणसाच्या रक्तातली तांबडी पेशी १२० दिवस चालते. तुझी १० ते २० दिवसांतच बाद होते, विळ्यासारखी वाकते, अडकते, फुटते. आता समज, आपल्या आगारातली प्रत्येक गाडी पंधरा दिवसांत भंगारात जाते. तरी फेऱ्या तर सोडायच्याच आहेत. मग वर्कशॉप तिन्ही पाळ्यांत चालणार, तिथली माणसं घामाघूम होणार, आणि फलाटावरच्या पॅसेंजरला एवढंच दिसणार की गाडी लेट आहे. तू गादीवर डोळे मिटून पडलेली असतेस तेव्हाही आत वर्कशॉप चालूच असतं. हिमोग्लोबिन आठ असलेल्या पोरीला तेरावाली माणसं झोपाळू म्हणतात. आणि मी हसतो.

हे सगळं मला माहीत असून हसलो, म्हणून जास्त लागतंय. फुईला माहीत नव्हतं. कारण आम्ही दोघांनी ठरवलं होतं, घराबाहेर बोलायचं नाही. मुलीची जात, उद्या सोयरीक करायची. नातेवाइकांत काय सांगायचं? "थंडी सोसत नाही तिला." बस. तुला आम्ही गोळी आतल्या खोलीत जाऊन घ्यायला शिकवलं. आणि आता मी तुला लिहितोय, दमली असशील तर सांगत जा! कोणत्या तोंडाने?

पण सांगत जा.

फेब्रुवारीत तुझी रूम बघायला आलो होतो ना, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी तुझ्या मागे होतो. पहिला मजला झाल्यावर तू वाकलीस आणि सँडलचा पट्टा नीट केलास. दुसऱ्याला परत. मला वाटलं सँडल जुनी झाली, जाताना नवी घेऊन देऊ. मग तुझी पाठ दिसली, कुडत्याच्या आत वर-खाली होणारी. पट्टा आधीपासूनच नीट होता. एका हाताने पट्टा आणि दुसऱ्या हाताने कठडा धरलेला, बोटांची पेरं पांढरी पडलेली. अठ्ठावीस वर्षं मी पायरीवर चढणारी माणसं बघितली आहेत वैशू. कोण दमलंय आणि कोण दमल्याचं लपवतंय, हे मला पावतीसारखं वाचता येतं. तरी मी तुला काही विचारलं नाही. वर गेल्यावर म्हणालो, "हवा छान आहे इथे." तुझ्यात हे कुठून आलं ते शोधायला लांब जायला नको.

तर पट्टा सोडून दे आणि सरळ पायरीवर बस. दोन मिनिटं. कोणी विचारलं तर म्हण, दम लागलाय. आणि दम लागायच्या आधीच बस, लागल्यावर नाही. घाटात ड्रायव्हर पाणी उकळायची वाट बघत नाही, आधीच गाडी बाजूला घेतो. रविवारी धुणं, बाजार, डबा, भांडी सगळं एका दमात उरकायचं आणि सोमवारी ऑफिसात डोळ्यापुढे अंधारी आणायची, हे बंद कर. धुणं बुधवारी धू. गार पाण्याने अंघोळ नको, उन्हाळा असला तरी. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि ती बारीक पिवळी फॉलिक ॲसिडची, दोन्हींचा खाडा नको. कॅप्सूलमुळे पेशी जरा कमी वाकतात, पण ती पांढऱ्या पेशीही खाली आणू शकते, म्हणून रक्ताची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेलाच करायची, पगार झाल्यावर नाही. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं, डोळे नेहमीपेक्षा पिवळे दिसले, किंवा रोजचा थकवा एकाएकी दुप्पट वाटला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना. आणि कोणी "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या तर आधी तपासणी कर म्हण. तुला दोनदा रक्त चढवलंय, त्यातून लोह साचतं, ते वेगळंच त्रास देतं. लोकांना रक्त कमी म्हटलं की लोहच आठवतं.

झालं, भाषण सुरू झालं. हे सगळं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस, पाचवीत असताना तूच मला हिमोग्लोबिनचं स्पेलिंग दुरुस्त करून दिलं होतंस. राग मानू नकोस. म्हातारा माणूस रिटायर झाला की घरातल्या माणसांनाच "पुढे सरका, पुढे सरका" करत बसतो.

बारावीला तुला तासाला २० मिनिटं जादा मिळत होती, तू घेतली नाहीस. "मी काय आजारी आहे का?" म्हणालीस आणि त्र्याहत्तर टक्के आणलेस. मी पेढे वाटले आणि जो भेटेल त्याला सांगितलं, जादा वेळ न घेता आणलेत. सवलत नेमकी कशामुळे होती, ते मात्र सांगितलं नाही. आता वाटतं, घ्यायला हवी होती ती मिनिटं. शेवटच्या पेपराला तुझा हात दुखत होता, हे मला उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सवरून कळलं, अक्षर उताराला लागलेलं. त्र्याहत्तरचा अभिमान मला आजही आहे. खोटं कशाला सांगू. दोन्ही आहे.

आणि एसटीचं काय चाललंय तुझं? सिकलसेलवाल्यांना एसटीत प्रवास माफ आहे. माझ्या हातून मी कितीतरी जणांना तसं तिकीट दिलंय, धडगावच्या मुक्कामी गाडीला तर आठवड्यात दोघं-तिघं असायचीच, पावरा आणि भिलांची पोरं, आई पदरात कार्ड बांधून आणायची. आणि कंडक्टरची पोर तिकीट काढून फिरते, कारण कार्ड दाखवलं तर शेजारची बाई विचारेल. २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं ते तुझ्या पथ्यावरच पडलं. अर्ध्या तिकिटामागे लपता येतं. पैशाचं नाही गं. पण ज्या पोरीला कंडक्टरला कार्ड दाखवायची लाज वाटते, ती साहेबाला कसं सांगेल की आज मला दुपारी अर्धा तास पडू द्या? पुन्हा तिथेच आलो बघ. इथून नाशिकला निघालो की माझी गाडी धुळ्यावरूनच जाते.

परवा मी फुईला फोन केला. तीन दिवस मनात जुळवत होतो. मग सरळ सांगितलं, वैशूला सिकलसेल आहे, जन्मापासूनच, दुखणं नऊ वर्षांची असताना दिसलं, आणि ती झोपत नव्हती, ती दमली होती. आणि हेही सांगितलं की माझ्यात आहे ते आपल्या आई-बापाकडून आलंय, म्हणजे तुझ्यातही असू शकतं, तुझ्या पोरांतही. तिच्या धाकट्याची सोयरीक पक्की होतेय ना, म्हटलं आधी दोघांची तपासणी करून घे. आपल्या जिल्ह्यात उपकेंद्रावर फुकट होते, २०२३ च्या जुलैपासून ती केंद्राची मोहीम चालू आहे, चाळिशीच्या आतल्या सगळ्यांना घेतात. एकाचं एएस आलं तर बिघडत नाही, दोघांचं आलं तर बसून विचार करायचा. आम्ही कुठे केला होता? आमच्या लग्नात फक्त मानपानाचा विचार झाला.

फुई बराच वेळ गप्प. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाली, "माले का नही सांगं रे भाऊ?" आणि रडायला लागली. मग नाक ओढून म्हणाली, "मंग तिले बीट खावाड ना." मी समजावून दमलो की बीट खाऊन ही पेशी सरळ होत नाही. ती म्हणाली, तुला काय कळतं, तू कंडक्टर.

तुला न विचारता सांगितलं. हे तुझं होतं सांगायचं, माझं नव्हे, असं तुझी आई म्हणाली, आणि तिचं खरं असेल. रागावणार असशील तर फोनवर रागाव. "ठीक आहे आबा" नको.

उद्या पहाटेच्या नाशिक गाडीत पिशवी देतोय, ड्रायव्हर ओळखीचा आहे, दुपारी ठक्कर बाजारला पोहोचेल. बिबड्या आहेत, कळण्याचं पीठ आहे, आईने मेथीचे लाडू घातलेत. तुझं कार्ड तू कपाटात साड्यांखाली ठेवून गेली होतीस, तेही पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलंय. पिशवी जड आहे. एकटी उचलू नकोस, तुझ्या रूमवरच्या पोरीला बरोबर घेऊन जा. आणि का ते तिला सांग.

तुझे
आबा

ता. क. पिशवी जड का, तर फुईने दोन किलो बीट पाठवलंय. घे बाई, निदान कोशिंबीर कर.