मॅनलीच्या काकांना, मनापासून थँक्यू

प्रिय काका,

सा. न. वि. वि. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "अगं त्यात काय एवढं, वारा कसा होता ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून आता लिहूनच काढतेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण व्हिटसंडेहून आल्यापासून ब्रिस्बेनमधल्या आपल्या मंडळींपैकी प्रत्येकजण विचारतोय की तुम्ही दोघांनीच बोट कशी नेली, बरोबर कॅप्टन नव्हता का, भीती नाही वाटली का. या सगळ्याचं उत्तर तुम्ही आहात.

क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळच्या व्हिटसंडे बेटांत बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवायला लायसन्स लागत नाही हे कळल्यावर आम्ही खुश झालो होतो आणि तुमच्या कपाळाला आठी पडली होती. कंपनीवाले निघायच्या आधी सगळं नीट समजावतात, रोज ठरलेल्या वेळी रेडिओवर चौकशी करतात, अंधारात बोट हलवू देत नाहीत, हे सगळं तुम्हाला माहीत होतंच, पण तुमचं म्हणणं एकच, ज्याला आपल्या नांगराचा भरवसा नाही त्याला रात्री झोप नाही, आणि झोप नाही तर सुट्टी कसली. मग रविवार सकाळी आपल्या इथल्या मॅनलीला (सिडनीचं नाही, आपलं ब्रिस्बेनचं) तुमच्या छोट्या बोटीवर आमची शाळा सुरू झाली. मोरटन बेच्या गढूळ पाण्यात नांगर टाक, काढ, परत टाक. जहाजावर आयुष्य काढलेला माणूस रिटायर झाल्यावर दोन नवशिक्यांसाठी आपले रविवार देतो, तेही न कंटाळता, याचं मोल आम्हाला तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं, तिकडे गेल्यावर कळलं.

नांगर टाकताना पाण्याची खोली आत्ताची धरायची नाही, भरतीची धरायची, हे तुम्ही किती वेळा सांगितलं असेल! तिकडे मोठ्या भरतीला पाणी चारेक मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला खोलीच्या मीटरवर पाच दिसले तरी वर येणारं पाणी मिळवून नऊ धरायचे आणि त्याच्या पाचपट साखळी सोडायची, म्हणजे पंचेचाळीस मीटर. नांगर वाळूत नाहीतर चिखलात, प्रवाळावर कधीच नाही. पांढऱ्या पिरॅमिडसारखे बोये दिसले की त्यांच्या आत किनाऱ्याच्या बाजूला नांगर टाकायचा नाही, कारण आत जिवंत प्रवाळ आहे. पहिल्या रात्री वाऱ्याचा आवाज वाढला तेव्हा ह्याने उठून किनाऱ्यावरच्या दोन खुणा बघितल्या, बोट जागची हलली नव्हती, येऊन झोपला तो सकाळपर्यंत. माझा नवरा, जो घरी मोबाईल वाजला तरी उठून बसतो.

आणि हाताच्या खुणा! नांगर टाकताना नवरा-बायकोची भांडणं अख्ख्या खाडीला ऐकू जातात असं तुम्ही म्हणाला होतात, ते अगदी खरंय, आम्ही रोज संध्याकाळी ऐकत होतो. आमच्याकडे मात्र मी पुढे साखळीपाशी, हा मागे सुकाणूवर, एक हात वर म्हणजे थांब, हाताचं बोट खाली म्हणजे साखळी सोड, एक शब्द नाही.

पण सगळ्यात मोठी मदत तुमच्या पेन्सिलीची. तिथे 74 बेटं आहेत आणि आम्ही लिस्टमध्ये त्यातली बरीचशी कोंबली होती, शिवाय बाहेरचं मोठं ग्रेट बॅरियर रीफ, शिवाय दोन रिसॉर्टं. तुम्ही लिस्ट वाचून फक्त विचारलंत, "रोज किती वेळ नुसतं बसायचंय?" आम्हाला उत्तरच देता येईना. मग तुम्ही निम्मी नावं खोडलीत, दिवसाला एकच ठिकाण ठेवलंत आणि प्रत्येकापुढे लिहिलंत, तीनला नांगर पाण्यात. कंपनीचा नियम चारचा होता तरी तुम्ही तीन लिहिलंत, कारण ऊन डोक्यावर असताना पाण्याखालचा खडक आणि प्रवाळ तपकिरी डागासारखं दिसतं, ऊन कललं की नुसता चकाकणारा पत्रा, काही दिसत नाही. प्रत्येक दिवसाखाली वारा फिरला तर कुठे जायचं तेही लिहिलेलं. एवढा विचार कोण कोणासाठी करतं हो?

नारा इनलेटला आम्ही दोन रात्री राहिलो. हूक बेटाच्या पोटात घुसलेली ती अरुंद खोल खाडी, दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी एकदम शांत. पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवा डेकवर येऊन खाऊ पळवतात हे तुम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून काकूंच्या चकल्या वाचल्या. वर चढून नारो लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, गुहेतली चित्रं बघितली. साध्या सालींच्या होड्या घेऊन हे लोक या बेटांमधून फिरायचे, त्यांचा इथला वावर जवळजवळ 9000 वर्षं जुना आहे असं म्हणतात. कॅप्टन कुक 1770 मध्ये इथून गेला आणि नाव देऊन मोकळा झाला, पण हे पाणी ज्यांना खरं कळत होतं ते हे लोक. तिथे खाली कितीतरी बोटी आल्या आणि अर्ध्या तासात गेल्या. आम्हाला घाई नव्हती, तुम्ही ती आधीच खोडली होतीत.

सिड हार्बरला पोहायचं नाही हे तुम्ही दोनदा अंडरलाइन केलं होतं. 2018 मध्ये तिथे शार्कचे हल्ले झाले, एक माणूस गेला. पाणी इतकं गार हिरवं आणि शांत की ज्याला कोणी सांगितलं नाही त्याने नक्की उडी मारली असती. आम्ही त्याऐवजी व्हिटसंडे पीक चढलो, 437 मीटरच पण चढ चांगलाच दमवतो, आणि वरून आपण कुठून आलो नि उद्या कुठे जाणार ते सगळं पाणी एका नजरेत दिसतं.

मग सॉलवे पॅसेज, बेटांमधली चिंचोळी वाट, जिची मला धास्ती होती. तिकडे भरतीचं पाणी दक्षिणेला धावतं आणि थंडीच्या दिवसांत वारा आग्नेयेकडून येतो, दोघं समोरासमोर आले की त्या चिंचोळ्या जागेत लाटा उभ्याच्या उभ्या राहतात. तुम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाणी वळायची वेळ काढून गोल केला होतात. म्हणून सकाळी सगळ्या बोटी निघाल्या तरी आम्ही चहा करून बसून राहिलो, मेतकूट-भात खाल्ला, मी चक्क पुन्हा झोपले, आणि तुमच्या वेळेला निघालो तर पाणी एवढं मऊ की मीच सुकाणू धरलं. पलीकडे व्हाइटहेवन, सात किलोमीटर पांढरीशुभ्र वाळू, जवळजवळ सगळी सिलिका, दुपारच्या उन्हातही पायाला चटका नाही.

व्हाइटहेवनच्या उत्तर टोकाच्या हिल इनलेटचं कोडंही तुम्हीच सोडवून दिलं होतंत. निळ्या पाण्याचे नि पांढऱ्या वाळूचे ते पट्टे वरून सुंदर दिसतात ते पाणी उतरल्यावर, पण पूर्ण ओहोटीला शेजारच्या टंग बेचं, म्हणजे जिथे उतरायचं तिथलं, प्रवाळ उघडं पडतं आणि डिंगी (बोटीबरोबरची छोटी होडी) किनाऱ्याला लागत नाही. "पाणी अर्धं उतरलं की जा, वर बसा, पूर्ण ओहोटीच्या आधी डिंगीत या." तसंच केलं. बाकी पाट्यांवरून, पुस्तकांतून माहिती मिळते काका, पण ही अशी वाक्यं फक्त ज्याने तिथे डिंगी ओढलीय त्याच्याकडून मिळतात.

हूकच्या उत्तरेला वळसा घालताना देवमाशाची मादी आणि पिल्लू दिसलं. 300 मीटर लांब राहायचा नियम, इंजिन बंद केलं आणि नुसते थांबलो. त्यांचा श्वास ऐकू येत होता. कितीतरी वेळ गेला, आम्ही दोघंही फोटो काढायला उठलो नाही.

तुम्हाला माहितेय, माझ्या हॉस्पिटलमधल्या नाइट शिफ्ट आणि ह्याचं पहाटेचं ऑफिस, घरात आमचं बोलणं म्हणजे फ्रिजवरच्या चिठ्ठ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली पण सलग एवढ्या संध्याकाळी एकत्र जेवलेलं मला आठवत नाही. तीन वाजता नांगर पडला की पुढे काही नसायचं. काकूंच्या भाजणीचं थालीपीठ, चहा, आणि मग ह्याने त्याच्या बाबांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल बोलायला सुरुवात केली, जे तो मला कधीच बोलला नव्हता. लँगफर्ड बेटाच्या वाळूपट्टीसमोर आम्ही भरती चढून ती पट्टी पूर्ण बुडेपर्यंत बोलत होतो. तुम्ही ती निम्मी नावं खोडली नसतीत तर त्या वेळी आम्ही कुठेतरी पोचायच्या गडबडीत असतो. याच्यासाठी थँक्यू हा शब्द मला अपुरा वाटतो, पण दुसरा सुचतही नाही.

काकूंना सांगा भाजणी संपली, डबा धुऊन ठेवलाय, गणपतीला घेऊन येतो. आणि एक विचारायचं होतं, माझ्या मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला पुढच्या वर्षी जायचंय, दोघांनाही बोटीतलं काही येत नाही, लिस्ट मात्र आमच्यापेक्षा लांब आहे. तुम्हाला न विचारता नंबर दिलेला नाही. देऊ का?

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी (आणि सुकाणूवरचा तो)