चि. मंदारला, बंद केलेल्या गोळीविषयी

सातारा

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपल्या दोघांचेही आवाज चढले आणि तुझ्या आईने फोन माझ्या हातातून काढून घेतला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तुझी बढती, सानिकाची शाळा, वाठारच्या जमिनीचा सातबारा, असे लिहिण्यासारखे बरेच आहे. पण ‘बीपी नॉर्मल आले, म्हणून गोळी बंद केली’ हे तुझे वाक्य मनातून जात नाही, तेव्हा आधी तेवढेच लिहितो.

१२४/८० हा आकडा गोळी चालू असतानाचा होता. ही गोळी रक्तदाबाचा आजार मुळापासून काढत नाही. ती घेतली जाते तोवर दाब ताब्यात ठेवते. बंद केल्यावर आठवडाभर काहीच जाणवले नाही, असे तू म्हणालास. तुझी ही गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. रक्तातले तिचे प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० ते ५० तास लागतात. त्यामुळे दाब एका रात्रीत उसळत नाही, तो दिवसागणिक वर सरकतो, आणि बहुतेकांना ते कळतही नाही.

डोके दुखत नाही म्हणजे दाब वाढलेला नाही, असे आप्पाही म्हणत. त्यांना पक्षाघात झाल्यानंतर देव्हाऱ्याशेजारच्या पंचांगात गोळ्यांची पट्टी सापडली. कडेच्या दोन गोळ्या तेवढ्या काढलेल्या आणि बाकीची पट्टी जशीच्या तशी. पुढे ते शर्टाची बटणे डाव्या हाताने, खालून वर लावत, आणि गळ्याजवळचे बटण काही केल्या जमत नसे. ते लावायला तू पाटावर चढून उभा राहत असस आणि आप्पा हनुवटी वर करून मुकाट्याने थांबत. तू थेट त्यांच्यावर गेला आहेस, कपाळ तेच आणि चालही तीच, म्हणून मला भीती वाटते.

पावले सुजतात, संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्यावर उमटतो, ही तुझी तक्रार मात्र खरी आहे. या औषधाने तसे होते, विशेषतः मात्रा जास्त असेल तर. त्यावर उपाय असतात: डॉक्टर मात्रा कमी करतात, औषध बदलतात किंवा टेल्मिसार्टनची जोड देतात. हे त्यांना सांगायचे सोडून तू गोळीच सोडलीस. टेल्मिसार्टन दिलेच, तर ते सांगतील तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचे काम कळते) आणि पोटॅशियम तपासून घे. सुनीताने आणलेल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते आणि या औषधानेही ते वाढू शकते, त्यामुळे त्या मिठाविषयीही डॉक्टरांना विचार. बॅडमिंटननंतर गुडघ्यासाठी परस्पर डायक्लोफेनॅक घेतोस, तेही थांबव. त्याने दाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही दाब वाढू शकतो. आणि हे वाचून चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी दोन एकदम घेऊ नकोस. उद्याच डॉक्टरांना फोन करून, कधीपासून बंद आहे ते खरे सांग आणि पुन्हा कशी सुरू करायची ते विचार.

पत्र लिहायला बसलो आणि पुन्हा उपदेशच करत सुटलो, याबद्दल राग मानू नकोस. माझी सगळी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधखिडकीत झाली, त्यामुळे बोलण्याची रीतच तशी झाली आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम महाराष्ट्रात सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत आला, त्यांत आपला साताराही होता. गोळ्या मोफत, प्रत्येकाचे कार्ड, आणि जो आला नाही त्याला फोन. तरीही आकडा उतरला की माणसे येईनाशी होत. आमच्या आशाताई ऊसतोड कामगारांच्या पालांवर जाऊन त्यांना समजावून परत आणत. तुझ्या हाताखाली एवढी माणसे काम करतात, वाड्याचे छप्पर तू एकट्याने नवे करून दिलेस, आळीत सगळे तुझे नाव काढतात; तुला मी असे समजवावे, हे मलाही बरे वाटत नाही. पण गोळी चुकवू नकोस.

घरच्या यंत्रावर दाब बघताना आधी पाच मिनिटे स्वस्थ बस, पाठ टेकव, पाय जमिनीवर ठेव, दंड छातीच्या पातळीवर असू दे. त्याआधी अर्धा तास चहा नको, आणि बघताना कोणाशी बोलू नकोस. मिनिटभराने पुन्हा बघ आणि दोन्ही आकडे लिहून ठेव. आठवडाभराचा असा कागद डॉक्टरांना दाखव. औषध कमी करायचे की नाही, हे ते त्यावरून ठरवतील. आणि बोलणे अडखळले, हातापायातली शक्ती गेली किंवा छातीत दुखू लागले, तर कागद, यंत्र काही बघत न बसता १०८ला फोन कर. आप्पांच्या वेळी आपण सकाळ होण्याची वाट पाहिली होती.

सातबाऱ्याचे पुढच्या पत्रात लिहितो. आईने सानिकासाठी कंदी पेढे पाठवले आहेत.

तुझा,
बाबा

ता. क. तुझ्या सासऱ्यांना अ‍ॅटेनोलॉल चालू आहे. तुझे पाहून त्यांनी ती गोळी सोडू नये. ती एकाएकी थांबवली तर नाडी वाढते, छातीत दुखू शकते आणि हृदयविकार असलेल्याला तर झटकाही येऊ शकतो. त्यांना आजच सांग, आणि तुझ्या डॉक्टरांशी बोलणे झाले की मला कळव.