सूचना : खरजेचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावा

सर्व सभासदांना कळकळीची विनंती. खाज एकालाच असली तरी डॉक्टरांनी दिलेलं ५ टक्के परमेथ्रिन मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आहे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे जातात, तोवर माणूस नकळत इतरांना खरूज देत असतो. उपचार फसतो तो बहुतेक वेळा इथेच.

मलम कोरड्या अंगावर, मानेपासून तळपायापर्यंत लावा. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबी, जांघा आणि कापलेल्या नखांखालची जागा सोडू नका. ८ ते १४ तास ठेवून अंघोळ करा; मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठवड्याने मलम दुसऱ्यांदा लावायचंच, कारण खरजेच्या किड्यांच्या अंड्यांतून निघालेले किडे त्यात मरतात. तान्ह्या बाळांसाठी आणि गरोदर बायकांसाठी आधी डॉक्टरांना विचारा.

कपडे, चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा. न धुण्याजोगं सामान आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवा; अंगाबाहेर हा किडा साधारण २-३ दिवसच तगतो.

नंतर २ ते ४ आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज मलम चोपडू नका. बेचकीत नवी करडी, नागमोडी रेघ (किड्याने कातडीत केलेलं बीळ) दिसली तर मात्र पुन्हा दाखवा.

कुत्र्याच्या खरजेचा किडा माणसाला चावतो, पण आपल्या अंगावर वाढत नाही. कुत्र्याला पशुवैद्यांकडे न्या. आणि परमेथ्रिन मांजराला कधीही लावू नका, त्याने मांजर दगावतं.