बायबलचे संदर्भग्रंथ हाताशी हवेत

महोदय,

पाश्चात्त्य चित्रकला, नाटक, कादंबरी यांवर लिहिताना बायबलचा उल्लेख हमखास येतो. पण पुष्कळदा तो ऐकीव माहितीवर बेतलेला असतो, हे खटकते. आदाम-हव्वेने खाल्लेले एदेन बागेतले फळ सफरचंद होते, असे सर्रास लिहिले जाते. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात त्या फळाचे नावच नाही. बाळ येशूच्या दर्शनाला आलेले मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, तीन होते, असेही ही कथा सांगणारा शुभवर्तमानकार मत्तय कुठे म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून ती संख्या पुढे रूढ झाली. चांगल्या बायबल कोशात याचा खुलासा चटकन सापडतो.

डच चित्रकार रेम्ब्राँचे ‘उधळ्या पुत्राचे पुनरागमन’ हे चित्र पाहा. वाट्याची संपत्ती उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाची ही बायबलमधली कथा. गुडघे टेकलेला मुलगा, त्याच्या पाठीवर बापाचे दोन्ही हात आणि उजवीकडे लाल झगा घातलेला, ताठ उभा माणूस. तो थोरला भाऊ मानला जातो. पण ही कथा जिथे येते तो लूकच्या शुभवर्तमानाचा १५वा अध्याय उघडला की कळते, त्या भेटीच्या वेळी थोरला शेतात होता! म्हणजे चित्रकाराने त्याला मुद्दाम तिथे आणून उभे केले, आणि माझ्या मते चित्रातला सगळा ताण त्याच्यातच आहे. मूळ पाठ शेजारी ठेवल्याशिवाय हे कसे उमगणार?

बायबलमधला कोणता शब्द कुठे येतो ते दाखवणारी क्रूडेन यांची शब्दसूची १७३७ सालची, स्ट्राँग यांची १८९० सालची. दोन्ही आजही वापरात आहेत. ग्रंथालयांनी निदान एक शब्दसूची, एक कोश आणि एक भाष्य घ्यावे, आणि ते केवळ धर्माच्या कपाटात न ठेवता साहित्य-कलेच्या अभ्यासकांनाही सहज मिळेल असे पाहावे.

– एक वाचक